वनस्पतिशास्त्राच्या पदवीचा भाव कोण ठरवतो?

वडखळ नाक्यावर महामार्गाला फाटा फुटतो. एक वाट धरमतरची खाडी ओलांडून अलिबागेस जाते, दुसरी नागोठणे-कोलाडवरून गोव्याच्या दिशेने उतरते. एका अंगास डोलवीचा पोलाद कारखाना आणि दुसऱ्या अंगास खारेपाटातील भातखाचरे, अशी या भागाची मांडणी आहे. बारावीचे निकाल लागले की येथल्या आगरी-कोळी, कुणबी घरांतून दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो : मुलीने किंवा मुलाने वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, तर त्याचे पुढे मिळणार किती?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्ञान हे ज्ञानासाठी असते, हे सुभाषित ज्यांच्या घरी महिन्याचा पगार नियमाने येतो त्यांच्याच तोंडी शोभते. ज्या घरातील अर्धी जमीन कारखान्याला वा रस्त्याला गेली आणि उरलेल्या जमिनीत उधाणाचे पाणी शिरते, त्या घराला तीन वर्षांचे शिक्षण म्हणजे तीन वर्षांची बुडालेली मजुरी, प्रवासाचा खर्च, शुल्क आणि पुस्तके असा रोकडा हिशेब करावाच लागतो. बी.एस्सी. झाल्यावर भागत नाही. पुढे दोन वर्षे एम.एस्सी., मग सेट-नेट किंवा पीएच.डी., आणि एवढे सगळे केल्यावर तासिका तत्त्वावरची अध्यापकी, तीही वर्षातले काही महिने. याच्या शेजारी आयटीआयमधून फिटर होऊन ठेकेदाराकडे लागलेला चुलतभाऊ उभा केला, की वनस्पतिशास्त्राची पदवी हरते. हिशेब म्हणून हा हिशेब खोटा नाही. खोटा आहे तो त्या हिशेबातून काढला जाणारा, आणि अलीकडे राज्यकर्त्यांनी, बँकांनी व शिक्षणाच्या व्यापाऱ्यांनी एकमुखाने उच्चारलेला निष्कर्ष : या पदवीला किंमत नाही, म्हणून या विषयावर समाजाने खर्च करू नये.

या निष्कर्षाची वंशावळ पाहण्याजोगी आहे. शिक्षण म्हणजे माणसाच्या अंगी केलेली भांडवल-गुंतवणूक, हा विचार अमेरिकेतील थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ च्या सुमारास मांडला आणि गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात त्याचे शास्त्र बनविले. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थी हा गुंतवणूकदार, पदवी हा रोखा आणि पगार हे त्यावरचे व्याज. शुल्ट्झ यांचा मूळ हेतू शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाचे समर्थन करण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु सिद्धांत एकदा बाजारात उतरला, की तो त्याच्या जनकाचा राहत नाही. लाभ व्यक्तीला होतो तर पैसे व्यक्तीनेच द्यावेत, आणि लाभ होत नसेल तर तो विषयच बंद करावा, असे दुहेरी हत्यार त्यातून घडले. ब्रिटनमध्ये २०१२ पासून विद्यापीठांचे वार्षिक शुल्क ९,००० पौंडांपर्यंत नेण्यात आले, आणि २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या सरकारने कमी पगार मिळवून देणाऱ्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थिसंख्येवर मर्यादा घालण्याची घोषणा केली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये आपले वनस्पती-संग्रहालय बंद करण्याचे जाहीर केले. त्यात सव्वाआठ लक्ष नमुने होते. जगातल्या श्रीमंतांतील श्रीमंत विद्यापीठाला वाळलेल्या पानांचा खर्च परवडेनासा झाला, यावर हसावे की रडावे!

आता आपल्याकडे यावे. पदवीची किंमत बाजार ठरवतो असे म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला काम देणारा बाजार म्हणजे आहे तरी कोण? महाविद्यालय, शाळा, कृषी खाते, वन खाते, संशोधन केंद्र. म्हणजे बहुतांशी सरकार, किंवा सरकारच्या अनुदानावर चालणारी संस्था. तेव्हा ही किंमत शासन-निर्णयांच्या कागदांवर ठरते, आणि ते कागद कोणी, केव्हा काढले हे सांगता येते. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडण्यात आले. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग जन्मास आला, म्हणजे सरकारने यापुढे कधीही पैसा देणार नाही असे आधीच लिहून दिले. २००० पासून शाळांत शिक्षकाऐवजी शिक्षणसेवक आला. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी., बी.एड. झालेला तरुण माध्यमिक शाळेत लागला, तर पहिली तीन वर्षे त्याच्या हाती महिना ८,००० रुपये पडत. २०२३ मध्ये त्याचे १८,००० झाले. कृषी सेवकाचे मानधन तर त्याच वर्षापर्यंत ६,००० रुपये होते आणि मग १६,००० करण्यात आले. एका शासन-निर्णयाने पदवीची किंमत दुप्पट-तिप्पट होते आणि दुसऱ्या निर्णयाने ती निम्म्याखाली येते. ज्यांनी स्वतःच्या सहीने भाव पाडला, त्यांनीच पुढे व्यासपीठावर उभे राहून ‘या मालाला उठाव नाही’ असे सांगावे, यापरते ढोंग कोणते?

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मागास व दुर्बल घटकांतील, ८ लक्ष रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शुल्कमाफी जाहीर केली. निर्णय स्वागतार्ह होता. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता होता. त्या एका विशेषणात शुल्ट्झ-बेकर यांचे सारे अर्थशास्त्र मराठीत उतरले आहे. मुलीने शिकावे, परंतु विकले जाईल तेच शिकावे.

उठाव नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून नाही. उठाव किती आहे हे पाहण्यासाठी वडखळहून फार दूर जावे लागत नाही. अंबा नदीच्या मुखापासून पेणपर्यंतचा हा सारा खारेपाट माणसाने समुद्रापासून मिळविलेला आहे. खाडीच्या काठाने मातीचे बांध घालायचे, ओहोटीला गोडे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खारे पाणी आत येऊ न देणारी उघाडी बसवायची, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि मोड आलेले बी फेकून भात घ्यायचे, ही विद्या येथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. बांधाला खांड गेली, तर घरटी एक माणूस चिखलात उतरत असे. १९४८ मध्ये मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला, आणि बांधांची जबाबदारी हळूहळू गावाकडून खात्याकडे गेली. खाते अभियंत्यांचे. त्यांच्या अंदाजपत्रकात बांधाची लांबी-रुंदी असते, मातीचे घनमीटर असतात, ठेकेदाराचे देयक असते. बांधाच्या आत काय उगवते, हा त्या खात्याचा प्रश्न नसतो.

आणि खरा प्रश्न तर तोच आहे. भाताच्या मुळाशी मिठाचे प्रमाण वाढले, की पाणी असूनही रोपाला ते ओढता येत नाही, ओल्यात उभे राहून पीक तहानेने मरते. शिवाय मिठातला सोडियम पेशींत शिरून पोटॅशियमची जागा घेतो. रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात भात मिठाला सर्वांत हळवा असतो. म्हणून उधाण जूनमध्ये शिरले की सप्टेंबरात, यावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. काही गावठी वाणांना मात्र हा सोडियम मुळाशीच अडवून धरण्याची युक्ती साधलेली आहे. केरळचा पोक्काली, बंगालचा नोना बोक्रा यांच्यात ही शक्ती कोणत्या जनुकांत आहे याचा शोध गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लागला आणि जगभरच्या भात-संशोधनाने त्याचा उपयोग केला. आपल्या खारेपाटात काला राता, भुरा राता हे त्याच कुळातले लालसर तांदूळ पिकत. १९७२ मध्ये दापोलीस स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र आहे. याच जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे क्षारसहिष्णू वाण त्या केंद्राने दिले. हे काम अभियंता करू शकत नाही, पुढारी करू शकत नाही, आणि क्षमा असावी, पक्षाचा ठरावही करू शकत नाही. ते मुळे, पाने आणि बीज वाचता येणारा माणूसच करतो. समुद्राची पातळी वाढत असताना, खांडींची संख्या वाढत असताना, असा माणूस तालुक्याला एकही नसावा आणि शेजारच्याच गावात त्या विषयाची पदवी घेतलेली मुलगी नाक्यावरच्या दुकानात हिशेब लिहीत बसावी, याला उठावाचा अभाव म्हणायचे काय?

कांदळवनाचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि त्यात रोकड्या किमतीचाही संबंध येतो. बांध फुटून खारे पाणी कायमचे आत आले, की दोन-चार पावसाळ्यांत भातखाचरात तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळतोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्या बंदीला अंतिम रूप दिले. हे निर्णय योग्यच होते, त्यांच्यावाचून बिल्डरांनी खाडीकिनारा गिळला असता. परंतु ज्या शेतकऱ्याच्या सातबारावर भातशेती आहे, ज्याचा बांध सरकारच्या हलगर्जीने फुटला, त्याच्या खाचरातली पाच वर्षांची तिवरे आणि खाडीच्या तोंडाशी शंभर वर्षे उभे असलेले कांदळ यांत फरक करायचा कोणी? उपग्रहाच्या छायाचित्रात दोन्ही हिरवीच दिसतात. प्रजाती कोणत्या, झाडांचे वय काय, खाली भाताच्या खुणा आहेत काय, हे जमिनीवर उतरून पाहणारा वनस्पतिशास्त्रज्ञ हवा. त्याच्या एका अहवालावर एका कुटुंबाची जमीन राहते किंवा जाते. ज्यांना पदवीची किंमत रुपयांतच मोजायची आहे, त्यांनी ही किंमत मोजून पाहावी. ती पदवीधराच्या पगारपत्रकात दिसत नाही, एवढ्याने ती नाहीशी होत नाही.

याच पेण तालुक्यात सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर मतदान झाले. शेतकऱ्यांनी नकार दिला आणि तो प्रकल्प येथे उभा राहिला नाही. चरीच्या संपाचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याला साजेसा तो लढा होता. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या विरोधात जमीन ओसाड ठेवणाऱ्या कुळांची ही भूमी आहे. पण लढा जिंकल्यावर त्या जमिनीवर काय पिकवायचे, पाणी कसे फिरवायचे, भातानंतर वाल घ्यायचा की भाजीपाला, खारवट पट्ट्यात कोणते वाण टिकेल, या प्रश्नांसाठी चळवळीने किती पदवीधर मुले-मुली हाताशी धरली? जमीन वाचविणे हा अर्धा लढा होता. उरलेला अर्धा आपण खतविक्रेत्यांवर सोपविला.

वनस्पतिज्ञानातून पैसा मिळत नाही, हेही खरे नाही. तो अमाप मिळतो, मात्र ज्ञान ज्याच्या मालकीचे त्याला. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिल्या काही वर्षांत साडेचारशे ग्रॅम बियाण्याच्या पाकिटाची किंमत सोळाशे रुपयांच्या पुढे होती आणि तिच्यातील मोठा हिस्सा एका जनुकाच्या वापराचे शुल्क म्हणून कंपनीकडे जात असे. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा तीच किंमत ७५० रुपयांवर आली. विदर्भातल्या कर्जबाजारी कोरडवाहू शेतकऱ्याने पेरलेल्या प्रत्येक पाकिटामागे वनस्पतिविज्ञान असे वसूल होत होते.

याच्या समोर चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना ठेवावे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर, जातीने दलित. १९८३ मध्ये आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडीने जोपासल्या आणि बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ तांदूळ दिला. नाव मनगटी घड्याळावरून पडले. तो तांदूळ अनेक राज्यांत पसरला, गिरणीवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यावर कमाई केली. कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडचे बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसृत केला. दादाजींना सन्मान मिळाले, २००५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये अमेरिकेतील ‘फोर्ब्स’ या धनिकांच्या नियतकालिकाने त्यांचे नाव छापले. जून २०१८ मध्ये ते दारिद्र्यातच वारले. बेकर यांच्या समीकरणात दादाजींचे व्याज कोणत्या रकान्यात बसवायचे? आणि बसत नसेल, तर दोष दादाजींचा की समीकरणाचा?

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो, आणि तो करणारे लोक महात्मा फुल्यांचेही नाव घेण्यास कचरत नाहीत. रयतेच्या घामाचा पैसा मूठभरांच्या पदव्यांवर का उधळायचा, असे ते विचारतात. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या श्रमातून जमा झालेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो अशी तक्रार केली होती, हे खरेच आहे. पण त्यांची मागणी शेतकऱ्याच्या मुलांपर्यंत शिक्षण पोहोचवा अशी होती. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे ज्ञान द्यावे, बंधारे घालावेत, माती आणि पाणी अडवावे याचा आग्रह आहे. १८८३ साली लिहिलेल्या त्या ग्रंथाला वनस्पतिविज्ञानाची गरज कळली होती. आज शेतकऱ्याची मुलगी त्या विज्ञानाच्या दारात आली, तेव्हा दार लावून घेणाऱ्यांनी फुल्यांचा आधार घेऊ नये.

दुसरा युक्तिवाद आपल्याच गोटातून येतो. शेतकऱ्याला सारे ठाऊक असते, पदवीधरांची गरज काय, असे काही कार्यकर्ते मोठ्या अभिमानाने सांगतात. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता गावठी बियाण्यांची बँक उभारू शकल्या, पद्मश्रीने गौरविल्या गेल्या, हे उदाहरण ते देतात. राहीबाईंचे काम थोर आहे. परंतु त्यांच्या घरातील बियाणे पुढच्या पन्नास वर्षांत कोणत्या रोगाला बळी पडेल, त्यांत कोणता गुण दडलेला आहे, आणि एखाद्या कंपनीने उद्या त्यावर हक्क सांगितला तर पुरावा कोणता द्यायचा, हे ठरविण्यास प्रयोगशाळा लागते. विज्ञानाला घोषणेने हरविता येते या भ्रमाची किंमत समाजवाद्यांनी एकदा मोजलेली आहे. जगभरातील धान्यांचे बीज गोळा करणारा निकोलाय वाविलोव सोव्हिएत तुरुंगात जानेवारी १९४३ मध्ये मेला, आणि लायसेंकोच्या भोंदू शास्त्राला १९४८ मध्ये राजमान्यता मिळाली. वाविलोवचे सहकारी वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये बियांच्या पोत्यांशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी संग्रहाला हात लावला नाही. त्या बियांचा बाजारभाव त्या हिवाळ्यात किती होता? भाकरीइतका होता, आणि तरीही त्यांनी तो घेतला नाही.

महाविद्यालयांचीही येथे गय करण्याचे कारण नाही. खाडीपासून हाकेच्या अंतरावर शिकणारा विद्यार्थी तिवराचे हवेत वर येणारे श्वासमूळ पुस्तकातील आकृतीत पाहतो आणि परीक्षेत ती आकृती काढून गुण मिळवितो, शेजारच्या खाचरात उतरत नाही. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदविल्या, त्यावेळी तालुक्याच्या शिक्षणाने तो धडा घेतला असता तर आज प्रत्येक महाविद्यालयाकडे आपल्या तालुक्याची वनस्पतिनोंद असती. पदवी पोकळ केली गेली हे कबूल केल्याशिवाय तिच्या किमतीसाठी भांडण्यात अर्थ नाही. मात्र पोकळ करणारे हात शोधताना तासिकेवर राबणाऱ्या शिक्षकाकडे बोट दाखवू नये. ज्याला पुढच्या जूनमध्ये काम असेल की नाही ठाऊक नाही, त्याने विद्यार्थी घेऊन चिखलात उतरावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी वडखळ, पेण, रोहे येथे पालकांना ‘मुलांना शिकवा’ एवढा उपदेश करून भागणार नाही. खारभूमी खात्याच्या पेणच्या कार्यालयात बांधाच्या मोजमापाबरोबर पिकाची आणि कांदळाची पाहणी करणारी कायम पदे निर्माण करा, ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून जाऊ लागली पाहिजे. खांड पडलेल्या प्रत्येक खाचराची वनस्पतिपाहणी खात्याने आपल्या खर्चाने करावी, आणि ती करण्यास त्याच तालुक्यातील पदवीधरांना पूर्ण वेतनावर घ्यावे. पनवेलच्या केंद्रातील कोणतेही पद रिकामे राहता कामा नये, आणि काला राता, भुरा राता पिकवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला बियाणे जतनाचा मोबदला मिळाला पाहिजे. शुल्कमाफीच्या निर्णयातून ‘व्यावसायिक’ हा शब्द काढून टाकण्यासाठी विधिमंडळातील आपल्या सदस्यांनी पुढील अधिवेशनात दुरुस्ती मागावी. आणि ज्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरी यंदा बारावी झालेली मुलगी आहे, त्याने तिचा प्रवेश-अर्ज भरताना ‘यात मिळणार किती’ हे विचारायचेच असेल, तर ते मुलीला विचारू नये. त्या प्रश्नाचे पत्र मंत्रालयाच्या पत्त्यावर टाकावे.